सीसीचा आकडा शेवटी येतो

स्तनवृद्धीच्या शस्त्रक्रियेबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत घोळून घोळून एकच प्रश्न आहे : मी किती सीसीचं इम्प्लांट घेऊ? इम्प्लांट म्हणजे स्तनात बसवायची, सिलिकॉन जेलने किंवा सलाइनने (मिठाच्या पाण्याने) भरलेली पिशवी, आणि सीसी म्हणजे तिचं आकारमान; एक सीसी म्हणजे एक मिलीलिटर. पत्रातून आकडा सांगणं शक्य नाही आणि योग्यही नाही. पण तो आकडा ठरतो कसा, सर्जन कोणती मापं घेतात आणि त्यातलं तुमच्या आवडीवर किती सोडलेलं असतं, हे नक्की सांगता येतं. काही पत्रं थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : माझं वय २९, ब्रा ३४ ए. मला ३४ सी व्हायचं आहे. मैत्रिणीने ३५० सीसीचं इम्प्लांट बसवलंय आणि तिला ते फार शोभून दिसतं. माझे सर्जन मात्र २७५ च्या वर जायला तयार नाहीत. त्यांनी घेतलेली मापं अशी : स्तनाच्या पायाची रुंदी १२ सेंमी, चिमटीत येणारी जाडी आतल्या बाजूला १, बाहेरच्या बाजूला १.५ आणि वरच्या भागात १.५ सेंमी, कातडी ताणून स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत ७ सेंमी. ते उगाच हात आखडता घेत आहेत का?

उत्तर : नाही. नेमकी हीच मापं घ्यायला हवीत आणि ती तुम्हाला लिहून देणारे सर्जन आपलं काम नीट करत आहेत. एकेक माप पाहू.

आधी कपाचं. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही आकारमानाची मापं नाहीत. छातीचा घेर आणि स्तनांवरून घेतलेला घेर यांतला फरक ती अक्षरं दाखवतात, आणि तोही कंपनीगणिक बदलतो. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्ही ब्रांच्या कपात जवळपास सारखंच आकारमान मावतं. म्हणून ‘एक कप म्हणजे इतके सीसी’ असं ठाम कोष्टक करता येत नाही. अरुंद छातीला १३० सीसीत एक कप वाढतो, रुंद छातीला त्यासाठी २०० सीसी लागतात. मैत्रिणीचे ३५० सीसी तिच्या छातीवर शोभतात ते तिच्या स्तनाच्या पायाची रुंदी, तिचं मूळचं स्तन आणि तिची कातडी यांमुळे. तो आकडा उचलून तुमच्या अंगावर ठेवला तर दिसणारं चित्र वेगळंच असेल.

आता पायाची रुंदी. स्तन छातीवर आडवं किती पसरलं आहे, ते कॅलिपरने मोजतात. इम्प्लांट या पायाच्या आत मावायला हवं. शिवाय त्याच्यावर दोन्ही बाजूंनी तुमच्या स्वतःच्या पेशींचं आवरण येणार, त्याचीही जागा धरावी लागते. हिशोब सोपा आहे. आतल्या आणि बाहेरच्या चिमटीची बेरीज करायची, तिची निम्मी करायची आणि ती रुंदीतून वजा करायची. तुमच्या बाबतीत १ आणि १.५ मिळून २.५, त्याचे निम्मे १.२५, १२ मधून ते गेले की उरतात पावणेअकरा. म्हणजे इम्प्लांटचा व्यास ११ सेंमीच्या आसपास हवा. बहुतेक कंपन्यांच्या मध्यम प्रोफाइलमधलं (प्रोफाइल म्हणजे रुंदीच्या मानाने इम्प्लांट किती पुढे येतं ते) ३५० सीसीचं इम्प्लांट साडेबारा ते साडेतेरा सेंमी रुंद असतं. ते तुमच्या पायात बसणार नाही. कड काखेकडे सरकेल, नाहीतर मधल्या हाडाकडे येईल.

तिसरं माप वरच्या भागाची चिमूट. ती २ सेंमीपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट फक्त स्तनग्रंथीच्या खाली ठेवून भागत नाही. वरची कड उठून दिसते आणि वाकल्यावर कातडीवर लहरी दिसतात. तुमची दीड आहे. म्हणून वरच्या अर्ध्या भागावर छातीच्या स्नायूचं पांघरूण घ्यावं लागेल. यावर सर्जन स्वतःहून बोलले नसतील तर जरूर विचारा.

आणि चौथं, ज्याकडे पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणाचंच लक्ष नसतं : स्तनाग्रापासून घडीपर्यंतचं अंतर. इम्प्लांट जितकं मोठं, तितकी खालच्या भागात कातडी जास्त लागते. ढोबळमानाने २७५ सीसीला साडेसात, ३०० ला आठ, ३५० ला साडेआठ आणि ४०० ला साडेनऊ सेंमी. तुमच्याकडे सात आहेत. २७५ साठी घडी अर्धा सेंमी खाली न्यावी लागेल आणि ते सहज जमतं. ३५० साठी दीड सेंमी. स्तनाखालची घडी ही शरीराने घट्ट बांधलेली जागा आहे. ती जास्त खाली उतरवली की दोन गोष्टी बिघडतात. एक तर जुन्या घडीची रेघ स्तनावर तशीच राहते आणि खाली दुसरा फुगवटा दिसतो. नाहीतर नवी घडी टिकत नाही, इम्प्लांट हळूहळू खाली घसरतं आणि स्तनाग्र वर पाहू लागतं.

सर्जन कातडी बोटांत धरून पुढे ओढूनही पाहतात. ती २ सेंमीपेक्षा कमी येत असेल तर कातडी घट्ट, ३ च्या वर येत असेल तर सैल. तुमच्या कागदावर हे माप नाही, तेवढं मागून घ्या.

तुमच्या मापांत २५० ते २७५ हाच सुरक्षित पल्ला दिसतो. तेवढ्यात ‘सी’ची ब्रा कदाचित लागेलही. पण सर्जनला अक्षर सांगण्याऐवजी कपडे न घालता कसं दिसायला हवं ते सांगा : वरचा भाग भरलेला हवा की उतरता, बाजूने किती पुढे आलेलं चालेल. पसंत पडलेले दोन-तीन फोटो न्या आणि नापसंत असलेले दोन तर नक्कीच न्या. ‘हे नको’ यावरून सर्जनला जास्त कळतं.

प्रश्न : मला ३०० सीसीचे तीन प्रकार दाखवले : मॉडरेट, मॉडरेट प्लस आणि हाय प्रोफाइल. तिन्हींत सिलिकॉन तेवढंच असेल तर फरक कसला?

उत्तर : पसरटपणाचा. तेवढंच पाणी परातीत ओतलं आणि तांब्यात ओतलं तर उंची वेगळी दिसते, तसं. साधारण ३०० सीसीचं मॉडरेट इम्प्लांट साडेबारा ते तेरा सेंमी रुंद आणि तीन-साडेतीन सेंमी उंच, म्हणजे छातीपासून तेवढं पुढे आलेलं, असतं; मॉडरेट प्लस बारा सेंमी रुंद आणि चारच्या जवळपास उंच; हाय प्रोफाइल अकरा सेंमी रुंद आणि साडेचार ते पाच उंच. कंपनीप्रमाणे हे आकडे थोडे हलतात, म्हणून निर्णय नावावर घेऊ नका. कोष्टकातले व्यास आणि उंची पाहा. एका कंपनीचं ‘मॉडरेट प्लस’ दुसऱ्या कंपनीच्या ‘हाय’च्या जवळ जाऊ शकतं.

क्रम असा ठेवा : आधी तुमच्या स्तनाच्या पायात बसणारा व्यास, मग किती पुढे यायला हवं ती उंची. या दोन्हींनी सीसी आपोआप ठरतात. छाती अरुंद असेल आणि आकार जास्त हवा असेल तर हाय प्रोफाइल हा मार्ग आहे, पण तो फुकट मिळत नाही. उंच इम्प्लांटचा दाब खालच्या लहान जागेवर पडतो, वरचा भाग गोल आणि ‘लावलेला’ दिसण्याची शक्यता वाढते. छाती रुंद असताना हाय प्रोफाइल घेतलं तर दोन स्तनांच्या मधली पोकळी मोठी राहते. ती झाकायला इम्प्लांट आत ओढून बसवू नका, हे मी आवर्जून सांगते. मधली जागा तुमच्या बरगड्या आणि मधलं हाड यांनी ठरवलेली आहे. ती कमी करण्याच्या नादात मधल्या हाडावरची स्नायूची पकड सोडवली की इम्प्लांट ठेवायला केलेले दोन्ही बाजूंचे कप्पे एकमेकांना मिळतात, आणि तो दोष दुरुस्त करणं स्तनशस्त्रक्रियेतल्या अवघड कामांपैकी एक आहे.

थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटबद्दलही विचारलं आहे. ते आत फिरलं तर आकार वाकडा दिसतो. फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, आणि खरखरीत पृष्ठभागाचा संबंध इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाशी, जोडला गेला आहे. जास्त खरखरीत अशी एक श्रेणी २०१९ मध्ये जगभरातून परत घेतली गेली. गुळगुळीत गोल इम्प्लांटही उभं राहिल्यावर थोडं थेंबासारखंच बसतं.

प्रश्न : घरी तांदूळ भरून अंदाज घेता येतो असं वाचलं. खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, नीट केला तर. मापाला मिलीलिटरच्या खुणा असलेलं भांडं घ्या. एक मिली म्हणजे एक सीसी. वजनकाट्यावर ग्रॅम मोजून भरू नका. पायात घालायच्या पातळ नायलॉन मोज्यांत २५०, ३०० आणि ३५० मिलीच्या जोड्या भरा. गाठ सैल मारा, म्हणजे पुडी तळहाताने चपटी करता येईल. ब्रा पॅड नसलेली, तार नसलेली, ताणणारी हवी आणि आत्ताच्या मापाची नको, हव्या असलेल्या मापाची घ्या. पुडी स्तनाच्या खाली खोचू नका. तसं केलं तर ती स्तन वर उचलते आणि अंदाज चुकतो. तिचा मध्य स्तनाग्रावर येऊ द्या. वरून अंगाबरोबरचा साधा टीशर्ट घाला. समोरून, बाजूने आणि तिरकस असे फोटो काढा, एकाच अंतरावरून आणि एकाच उजेडात. मग प्रत्येक जोडी दोन-तीन तास अंगावर ठेवून घरातली कामं करा : झाडणं, जिना चढणं, कुशीवर पडणं. आरशासमोरच्या पाच मिनिटांत मोठा आकडा नेहमी आवडतो. तिसऱ्या तासाला मत बदललेलं असतं.

तांदळाने वजन मात्र कळत नाही. ३०० मिली कोरडे तांदूळ साधारण २४० ते २५० ग्रॅम भरतात. ३०० सीसीचं सिलिकॉन जेल जवळपास ३०० ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून सुमारे शंभर ग्रॅमचा फरक. वजनाचा अंदाज हवा असेल तर तेवढंच पाणी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भरून तासभर ठेवून पाहा. मानेला किंवा पाठीला आधीपासून त्रास असेल तर ही चाचणी चुकवू नका.

आणखी एक मर्यादा : ब्रामधली पुडी स्तनाच्या वर बसते, इम्प्लांट स्तनाच्या खाली. स्नायूखाली तर ते जास्त दाबलं जातं. त्यामुळे या प्रयोगातून एक आकडा काढू नका, पल्ला काढा. ‘२७५ ते ३२५ मध्ये मला बरं वाटलं, ३५० जड वाटलं’ असं सर्जनला सांगता आलं की प्रयोग साधला. दवाखान्यातल्या जेलच्या नमुन्यांनाही हेच लागू आहे, आणि थ्री-डी चित्रालाही. ते चित्र म्हणजे अंदाज आहे, आश्वासन नव्हे.

शेवटच्या २५ सीसीवरून रात्री जागवणाऱ्यांसाठी : २५ सीसी म्हणजे चहाचे पाच चमचे. ३०० आणि ३२५ यांतला फरक अंगावर ओळखू येणं कठीण आहे. नेमकी निवड बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. सर्जन तात्पुरतं मापाचं इम्प्लांट आत ठेवतात, टेबल वर उचलून तुम्हाला अर्धवट बसतं करतात आणि समोरून पाहतात. म्हणून आधीच स्पष्ट बोलून घ्या : दोन मापांत अडलं तर लहानाकडे झुकायचं की मोठ्याकडे? ते संमतीपत्रावर लिहून घ्या.

प्रश्न : दोन बाळंतपणं झाली, दुसऱ्या बाळाचं दूध तीन महिन्यांपूर्वी सुटलं. स्तन रिकामे आणि ओघळलेले आहेत. उचलण्याच्या शस्त्रक्रियेचे व्रण नकोत, म्हणून ४५० सीसीचं मोठं इम्प्लांट घालून कातडी भरून काढावी असं वाटतं.

उत्तर : ताई, आधी थांबा. दूध सुटल्यावर स्तन सहा महिन्यांपर्यंत आकार बदलत राहतात. आत्ता घेतलेली मापं तीन महिन्यांनी खोटी ठरतील. वजनही स्थिर होऊ द्या. आणखी मूल हवं असेल तर शक्यतो त्यानंतरच.

मग एक साधी तपासणी करा. सरळ उभं राहा, कुणाला तरी मोबाइल स्तनाच्या उंचीवर धरून बाजूने फोटो काढायला सांगा. स्तनाग्र घडीच्या वर असेल तर नुसत्या इम्प्लांटने बहुधा काम होतं. घडीच्या पातळीला असेल तर सर्जनच्या हातात चर्चेला जागा आहे. घडीच्या खाली असेल, आणि खाली पाहत असेल, तर इम्प्लांट ते वर आणू शकत नाही. इम्प्लांट जागा भरतं, उचलत नाही.

४५० सीसीने पहिले काही महिने भरल्यासारखं वाटेल. पण बाळंतपणाने आधीच ताणलेली आणि लवचीकपणा गेलेली कातडी जवळपास अर्धा किलो वजन एकेका बाजूला पेलणार आहे. ती आणखी सैल होते आणि तीन-चार वर्षांनी तेच ओघळणं परत येतं, या खेपेला वजनासकट. स्नायूखाली ठेवलं तर उलटा प्रकार होतो : इम्प्लांट वर अडकून राहतं आणि स्तन त्याच्या टोकावरून खाली लोंबतं. तेव्हा उचलण्याची शस्त्रक्रिया करावीच लागते, आणि पातळ झालेल्या कातडीवर करावी लागते. व्रणही तेव्हा मोठे होतात.

उचलणं आणि इम्प्लांट एकत्र करायचं ठरलं तर माप लहान धरतात, कारण एका हाताने कातडी कमी करायची आणि दुसऱ्या हाताने ती ताणायची अशी ती ओढाताण असते. टाक्यांवर ताण आला तर जखम उसवते, स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. काही सर्जन म्हणूनच आधी उचलतात आणि काही महिन्यांनी इम्प्लांट घालतात. तो सल्ला मिळाला तर टाळाटाळ समजू नका. तंबाखू किंवा सिगारेट कोणत्याही रूपात असेल तर शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद. रक्तपुरवठ्याचा प्रश्न इथे सगळ्यात जास्त असतो.

प्रश्न : माझा डावा स्तन उजव्यापेक्षा लहान आहे. दोन वेगळ्या मापांची इम्प्लांट घालतात का?

उत्तर : घालतात. मात्र दोन्ही बाजूंची रुंदी शक्य तितकी सारखी ठेवून फरक उंचीत धरतात. फरक थोडा असेल तर एकच माप पुरतं. एवढं लक्षात असू द्या की स्तनाग्रांच्या उंचीतला किंवा बरगड्यांमधला फरक इम्प्लांटने जात नाही, उलट आकार वाढल्यावर तो जास्त दिसू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीचे फोटो आणि मापं समोर ठेवून सर्जनशी तो फरक मोकळेपणाने बोलून घ्या. सलाइनच्या इम्प्लांटमध्ये भरण्याचं प्रमाण कमी-जास्त करता येतं, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेतच. कमी भरलं तर कवच घडी पडून झिजतं.

प्रश्न : ‘नंतर सगळ्यांनाच लहान वाटतं, म्हणून ठरवल्यापेक्षा ५० सीसी जास्तच घे’ असा सल्ला सगळीकडून मिळतोय. नवऱ्याचंही तेच म्हणणं आहे.

उत्तर : यातलं अर्धं खरं आहे. सूज उतरते, नजर सरावते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणींना ‘थोडं मोठं घ्यायला हवं होतं’ असं वाटतं. पुढे ती रुखरुख बऱ्याचदा विरते.

उरलेलं अर्धं तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण ते उशिरा दिसतं. पायापेक्षा मोठं इम्प्लांट स्तनाची ग्रंथी दाबून पातळ करतं, कातडी ताणतं. कडा हाताला लागू लागतात, लहरी दिसतात, झोपल्यावर इम्प्लांट काखेत सरकतं. मोठा कप्पा करताना बाजूच्या नसा ताणल्या जातात आणि स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. यातलं पुष्कळसं परत फिरवता येत नाही. लहानाकडून मोठ्याकडे जायचं असेल तर दुसरी शस्त्रक्रिया तुलनेने सरळ असते. मोठ्याकडून लहानाकडे येताना सैल कातडी काढावी लागते, कप्पा शिवून आवळावा लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मापांनी दिलेल्या पल्ल्याच्या आत वरचा आकडा आवडला तर खुशाल घ्या. पल्ल्याबाहेरचे ५० सीसी कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. वजन तुमच्या अंगावर राहणार आहे. सर्जनच्या भेटीतला थोडा वेळ एकटीने बोलण्यासाठी मागून घ्या.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे आणि हट्टाला पेटली आहे.

उत्तर : अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केवळ आकारवाढीसाठी सलाइन इम्प्लांटला १८ आणि सिलिकॉन जेलला २२ वर्षांची किमान वयोमर्यादा मान्य केली आहे. या वयात स्तनांची वाढ आणि वजन दोन्ही बदलत असतात. आज ठरवलेलं माप तीन वर्षांनी चुकीचं ठरू शकतं. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मापं घ्या. ती बदलत असतील तर थांबण्याचं कारण मुलीला कागदावरच दिसेल. आणि तिच्याशी ‘नाही’ने सुरुवात करू नका, नेमकं काय खुपतंय ते आधी ऐका. दोन स्तनांत मोठा फरक असेल किंवा खालचा भाग आखडलेला असेल तर तो उपचाराचा विषय आहे, हट्टाचा नाही.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी ३२५ सीसी स्नायूखाली बसवले. स्तन गळ्याजवळ चढलेत, कडक आहेत, डावा जास्तच वर आहे. माप चुकलं का?

उत्तर : तीन आठवड्यांत मापाचा निकाल लावू नका. स्नायू आत्ता आकसलेला आहे, तो इम्प्लांट वर दाबून धरतो. सहा आठवड्यांनी तो सैलावू लागतो, तीन महिन्यांपर्यंत इम्प्लांट उतरून खालचा भाग भरतो, आणि खरा आकार सहा महिने ते वर्षभराने दिसतो. दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. ज्या हाताने काम जास्त, त्या बाजूचा स्नायू बऱ्याचदा जास्त वेळ घेतो. नव्या ब्रा तीन महिन्यांपर्यंत घेऊ नका. वर दाबणारी तारेची ब्रा तर सर्जनने सांगेपर्यंत नकोच. पट्टा बांधणं किंवा मालिश हे प्रत्येकीला लागू नसतं, विचारून करा.

वाट पाहायची नाही अशा गोष्टी वेगळ्या : एकच बाजू काही तासांत फुगणं, ताप, पसरणारी लाली, जखमेतून पाणी येणं, एका पोटरीत दुखून सूज येणं, दम लागणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि काही महिन्यांनी मऊ झालेलं स्तन पुन्हा घट्ट होऊ लागलं, वर सरकलं, दुखू लागलं तर ते माप नसून इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेलं आवरण आवळल्याचं लक्षण असू शकतं.

प्रश्न : इम्प्लांट जन्मभर टिकतं ना?

उत्तर : जन्मभरासाठी ते बनवलेलं नसतं. काहींची पंधरा-वीस वर्षं राहतात, काहींची त्याआधी बदलावी लागतात, म्हणून माप निवडताना दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी कातडी शिल्लक ठेवायला हवी. सिलिकॉनचं कवच फाटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही. पाच ते सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक, असा सल्ला दिला जातो. मॅमोग्राफीला जाताना इम्प्लांट असल्याचं आधी सांगा; ते मागे सारून जादा चित्रं घ्यावी लागतात. शस्त्रक्रियेनंतर मिळणारं इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, सीसी, प्रोफाइल, पृष्ठभाग आणि प्रत्येक बाजूचा अनुक्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि शस्त्रक्रियेआधी घेतलेल्या मापांचा कागद त्याच्याच जोडीला ठेवा. पुढे बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनला या दोन्हींची गरज पडते.